तलावाकाठच्या सायकली परत आणा : एका गिरिस्थानाच्या नगरपरिषदेस खुले पत्र

प्रति,
मा. मुख्याधिकारी, मा. नगराध्यक्ष आणि सर्व सन्माननीय नगरसेवक

विषय : तलावाच्या रस्त्यावर सायकलींना केलेली बंदी आणि भाड्याच्या सायकलींचा हटवलेला तळ

स. न. वि. वि.

हे पत्र पोचपावतीच्या टपालाने तुमच्या कार्यालयात आलेलं आहे. त्या प्रतीवर गावाचं नाव आहे, माझं नाव-पत्ता आहे. इथे गावाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर तलाव, बाजारपेठ आणि पॉइंट असलेली गावं बरीच आहेत. तिथल्या कारभाऱ्यांनीही हे आपल्यालाच लिहिलंय असं समजून वाचावं, म्हणून ते चारचौघांपुढे ठेवते आहे.

मी पुण्यात राहते, बँकेत नोकरी करते. माझे वडील सायकलमिस्त्री. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर, 1969 ते 2008 त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, एक लोखंडी पेटी, पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं आणि छताला उलट्या टांगलेल्या सायकली. रोज दहा-पंधरा सायकली दारात उभ्या असायच्या, पण त्या गिऱ्हाइकांच्या. त्यांना आम्ही भावंडांनी हात लावलेला बाबांना चालायचा नाही. लोकांची वस्तू, ओरखडा गेला तर कोण भरून देणार, असं म्हणायचे. आणि घरची एकच सायकल होती, ती बाबा सामान आणायला नेत.

वर्षातून दोन दिवस दुकान बंद असायचं. मे महिन्यात. त्या दोन दिवसांत बाबा आम्हाला एसटीने तुमच्या गावी घेऊन यायचे. पहिल्यांदा आलो ते 1991 साली, मी नऊ वर्षांची होते. तलावाकाठी पत्र्याच्या आडोशाला भाड्याच्या सायकली लावलेल्या होत्या. तासाला दोन रुपये. बाबांनी दोन रुपये मोजले आणि म्हणाले, ही आता तासभर तुझी. मोठ्या सायकलच्या मधल्या दांड्याखालून पाय घालून, वाकड्या अंगाने, पडत-झडत मी सायकल शिकले ती तुमच्या तलावाच्या रस्त्यावर. तासाभराने परत द्यायला गेले तर माझं कोपर फुटलेलं होतं. तिथल्या मालकांनी सायकलकडे न बघता आधी माझ्या कोपरावर पाणी ओतलं.

ते मालक आणि बाबा तेव्हापासून एकमेकांना ओळखतात. बाबा दर मे महिन्यात येताना छऱ्यांची डबी, वॉलट्यूब, सोल्यूशनच्या नळ्या घेऊन यायचे आणि संध्याकाळी त्या आडोशाला बसून दोघं मिळून चाकांचा आउट, म्हणजे डगमग, काढायचे. ते बाबांना ‘मिस्त्री’ म्हणतात, बाबा त्यांना ‘शेठ’. शेठ म्हणण्याजोगं त्यांच्याकडे काही नव्हतं. बत्तीस सायकली होत्या. पुढे मुलगा हाताशी आला, मग सूनही. गेली काही वर्षं सूनच वही सांभाळायची. नाव, वेळ, सायकलचा नंबर, आणि लहान मूल असेल तर सीट किती खाली केली तेही ती लिहून ठेवायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी ते मूल परत आलं तर सीट पुन्हा मापायला नको.

यंदाच्या मे महिन्यात आम्ही पाचजण आलो. आई, बाबा, माझे यजमान, मी आणि माझी अकरा वर्षांची मुलगी. बाबा आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. तलावावर गेलो तर आडोसा नाही. पत्रे नाहीत, सायकली नाहीत. त्या जागी पांढरे पट्टे मारून नऊ मोटारींची ‘पे अँड पार्क’ची सोय केलेली. रस्त्याच्या तोंडाला नवा फलक, सायकलचं चित्र आणि त्यावर तांबडी आडवी रेघ. शेठ बाजारात भेटले. आता एका हॉटेलात रात्रपाळीला बसतात. सायकली भंगारात गेल्या, किलोच्या भावाने. सहा तेवढ्या घरामागे ठेवल्यात, लहान मुलांच्या. त्या विकवल्या नाहीत म्हणाले.

त्या संध्याकाळी बाबा काही बोलले नाहीत. मी बोलते आहे, कारण गप्प राहणं मला जमत नाही.

त्याआधीची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही बाबांना पुण्यातच कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय बघायला नेलं. 2017 साली उघडलेलं. तीन मजली घर आणि मजल्यामजल्यावर जुन्या सायकली, दीडशेहून अधिक, शिवाय दिवे, पंप, सायकलींना लागणारं काय काय. एका माणसाने आवडीने गोळा केलेलं आणि दुरुस्त करून उभं केलेलं. वर्षानुवर्षं ज्या वस्तूंनी हात काळे केले त्या वस्तू कुणीतरी इतक्या मानाने मांडल्यात, हे बाबा पहिल्यांदाच बघत होते. ते दारातच चपला काढायला लागले. देऊळ नव्हे, तरी.

तिथे दुसऱ्या महायुद्धातली बीएसए कंपनीची छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली घडीची सायकल आहे. बाबांनी तिच्याविषयी ऐकलं होतं, पाहिली नव्हती. मधोमध बिजागरी आणि दोन विंग नट. ते सोडले की सायकल दुमडते. पान्ह्याची गरज नाही, बोटांनी काम होतं. बाबा वाकून त्या नटांकडे बघत राहिले आणि नातीला म्हणाले, ‘ज्याने हे डोकं चालवलं त्याला ठाऊक होतं, की अंधारात, गारठलेल्या बोटांनी हे उघडायचंय.’

मग एका जुन्या इंग्लिश रॅलेपाशी त्यांनी तिला उकिडवं बसवलं. पुढच्या दातऱ्या चक्राच्या मधल्या भागात, जिथे बाकीच्या सायकलींना साधे आरे असतात, तिथे रॅलेवाल्यांनी बगळ्याची डोकी कापून काढलेली असत. लांब चोच, बारीक मान. मुलीने ती बोटाने मोजली. बाबांनी सांगितलं, की या कंपनीचे आटेही निराळे असायचे. दुसऱ्या सायकलचा कप हिच्या बॉटमला, म्हणजे पेडलचा आस फिरतो त्या नळीला, बसायचा नाही, जोर केला तर आटे मरायचे. म्हणून रॅले आली की ते ती शिकाऊ पोराच्या हाती देत नसत.

दोन तास तिथे गेले. 1885 साली इंग्लंडमध्ये स्टार्लीने दोन सारख्या चाकांची आणि मागच्या चाकाला साखळी लावलेली रोव्हर काढली, 1888 साली डनलॉपने हवेचा टायर आणला, आणि तिथून आजपर्यंत सायकलचा सांगाडा फारसा बदललेला नाही, हे मी मुलीला वाचून दाखवत होते. बाबांची यादी वेगळी होती. वरळीची हिंद, मद्रासची हर्क्युलस, आसनसोलची सेन-रॅले, सोनीपतची अ‍ॅटलास, लुधियानाची हीरो. कुठल्या फ्रेमचा चिमटा मऊ, कुठल्या रिमला लवकर गंज. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला बंद पडला. संयुक्त राष्ट्रांनी 3 जून हा जागतिक सायकल दिन म्हणून ठरवलेला आहे, आणि नेमका त्याच दिवशी. ती बातमी बाबांनी तेव्हा कापून ठेवली होती. निघताना त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला सायकलचा बिल्ला काढला. पूर्वी नगरपालिका सायकलवर कर घ्यायची आणि बिल्ला द्यायची, तो. तो बिल्ला लावलेल्या सायकलला रस्त्यावर चालायचा हक्क नगरपालिकेनेच दिलेला होता, एवढंच तुम्हाला सांगायचं आहे.

परत येताना मुलगी म्हणाली, मे महिन्यात तलावावर मी मोठी सायकल घेणार. सहा महिने ती हे म्हणत होती.

आता माझ्या तक्रारी. सगळ्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत. पण पहिल्या दोन अशा आहेत की त्यांचं उत्तर मला लेखी हवं.

पहिली तक्रार निर्णय घेण्याच्या पद्धतीची. आडोसा हटवायच्या आदल्या दिवशी दुपारी तुमचा माणूस येऊन तोंडी सांगून गेला. कागद नाही, तारीख नाही. ही माणसं बेकायदा बसलेली नव्हती. रोजची पावती फाडत होती, त्या पावत्यांचे गठ्ठे सुनेने जपून ठेवले आहेत, मी स्वतः पाहिले. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा 2014 सालचा आहे. त्यात फक्त माल विकणारेच येत नाहीत, रस्त्याकाठी लोकांना सेवा देणारेही येतात. आणि तीस दिवसांची नोटीस दिल्याशिवाय कुणालाही जागेवरून उठवता येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. तीस दिवस सोडा, इथे तीस तासही मिळाले नाहीत. तुमच्या गावात नगर पथविक्रेता समिती असेल, तर तिच्यापुढे हा विषय आला होता का? नसेल, तर ती का नाही?

कारण विचारलं तर तुमच्या कार्यालयातल्या खिडकीवर मला सांगण्यात आलं, ‘वरून आलंय.’ वरून म्हणजे कुठून, याचं उत्तर तिथल्या मुलाकडे नव्हतं आणि त्यात त्याचा दोष नाही. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यात कलम 4 आहे. ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना त्याची कारणं कळवणं हे त्यात प्रशासनाचं काम ठरवलेलं आहे, कुणी अर्ज करायची वाट न बघता. मी तरीही दहा रुपयांचा स्टॅम्प लावून अर्ज दिला आहे. त्याची मुदत तीस दिवसांची आहे.

दुसरी तक्रार कारणाची. सायकलींमुळे वाहतुकीला अडथळा होतो, असं तोंडी सांगितलं जातं. शनिवारी दुपारी चार ते पाच मी तलावाच्या कठड्यावर बसून होते आणि समोरून जाणाऱ्या मोटारी मोजत होते. तीनशेच्या वर गेल्या. त्यातल्या निम्म्याहून जास्त गाड्या तलाव बघून, काच खाली करून फोटो काढून, वळून परत जात होत्या. हॉर्न चालू. एका वळणावर दोन बस समोरासमोर आल्या, तेव्हा वीस मिनिटं काही हललं नाही. त्या तासात त्या रस्त्यावर एकही सायकल नव्हती, कारण तुम्ही ती बंद केलेली आहे. अडथळा तरीही होता. मग तो कशाने होता, हे पाहायला नको का?

तिथेच, तलावाच्या पलीकडच्या काठावर, पेट्रोलवर चालणाऱ्या चार चाकी छोट्या गाड्या भाड्याने मिळतात. दहा मिनिटांच्या फेरीचे तीनशे रुपये. त्यांचा आवाज बाजारापर्यंत येतो, धूर पाण्यावर बसतो. त्या चालू राहिल्या आणि सायकली गेल्या. त्या चालवणाऱ्यांशी माझं काही वैर नाही, तेही पोटासाठीच उभे आहेत. पण पाण्याकाठी पेट्रोलची गाडी चालते आणि सायकल चालत नाही, हा न्याय मला समजावून सांगा.

तिसरी गोष्ट पैशाची. घाट चढून गावाच्या नाक्यावर आलं की आम्ही माणशी प्रवासी कर भरतो. आनंदाने भरतो. गाव आमच्यामुळे मळतं, पाणी आमच्यामुळे जास्त लागतं, तेव्हा तो द्यायलाच हवा. पण त्या पैशातून मिळालेली मला दिसलेली एकमेव नवी सोय मोटारींसाठी आहे. मोटार न आणणाऱ्या माणसाने भरलेल्या करातून त्याच्या वाट्याला काय आलं? एसटीने येणारं कुटुंब अजूनही तुमच्याकडे येतं. स्टँडवर उतरून, पिशव्या सावरत, चालत. त्यांना परवडेल अशी तासाभराची मजा एकच होती.

तलावाला पूर्ण फेरी घालणारी पायवाट दोन ठिकाणी खचलेली आहे आणि म्हाताऱ्या माणसांना बसायला बाकं उरलेली नाहीत. आईला कठड्यावर टेकवून ठेवावं लागलं. हेही नोंदवून ठेवते, यावर फार लिहीत नाही.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली ती.

बागेच्या कोपऱ्यात तुम्ही फोटो काढायची जागा केली आहे. वर गावाचं नाव मोठ्या अक्षरांत आणि खाली फुलांच्या वाफ्यात एक जुनी सायकल. तिला चाकापासून हँडलपर्यंत गुलाबी ऑइलपेंट फासलेला आहे. सीटसकट. कॅरिअरवर आणि पुढच्या बास्केटमध्ये कुंड्या. दोन्ही चाकं खाली वीतभर सिमेंटमध्ये गाडलेली, म्हणजे कुणी हलवू नये. लोक रांग लावून तिच्याशेजारी उभे राहतात. आम्ही गेलो तेव्हाही रांग होती.

मुलगी फोटोला उभी राहिली नाही. ती खाली बसली आणि तिने हाक मारली, ‘आबा, बगळे!’

बाबांना गुडघ्यांनी बसवत नाही, तरी ते बसले. चक्रातल्या फटी रंगाने बुजत आल्या होत्या. त्यांनी नखाने एका जागचा रंग खरवडला. खाली लांब चोच निघाली. मग दुसरी, तिसरी. ती रॅले आहे, आणि बाबांच्या मते इंग्लंडहून आलेली. त्यांनी पेडल हळूच मागे फिरवलं. गंजाने करकरलं, पण फिरलं. पुढचं चाक गाडलेलं असल्यामुळे हब फिरवून बघता आला नाही. हँडलच्या खाली, जिथे कंपनीचा बिल्ला असतो, तिथे दोन रिकामी भोकं होती. ‘कॉटर काढले तर बॉटम अजून जिवंत असेल,’ एवढंच ते म्हणाले. मागचा माणूस म्हणाला, काका, जरा लवकर आवरा, रांग आहे. बाबा उठले, त्याची माफी मागितली आणि बाजूला झाले.

सन्माननीय सदस्यहो, तुमच्यातल्या कुणी हे वाईट हेतूने केलं असं मी म्हणत नाही. जुनी सायकल सुंदर दिसते हे तुम्हालाही जाणवलं, म्हणूनच ती तिथे आली. पण ज्या गावात चालणाऱ्या सव्वीस सायकली किलोवर गेल्या, त्याच गावाने एक सायकल सिमेंटमध्ये रोवून तिच्यावर आपलं नाव लिहावं, हे माझ्या वडिलांसारख्या माणसाला बघवत नाही. आणि माझ्या मुलीने सायकल बघायची तर अशी बघायची, हे मला बघवत नाही. पुण्याच्या संग्रहालयात सायकली उभ्या आहेत त्याही चालत नाहीत, असं कुणी म्हणेल. त्या वंगण घालून, चाकं मोकळी ठेवून उभ्या केलेल्या आहेत. उद्या कुणी बसायचं म्हटलं तर बसता येईल, अशा बेताने. फरक तिथे आहे.

अडचणी मला माहीत आहेत. तुमचं गाव छोटं, रस्ते साहेबाच्या काळात घोड्यासाठी आणि पालखीसाठी आखलेले, आणि सुटीच्या दिवसांत खालून येणारा गाड्यांचा लोंढा तुमच्या हातात नाही. पण मार्ग काढणारी गावं आपल्याच राज्यात आहेत. माथेरानमध्ये मोटारी दस्तुरी नाक्याच्या पुढे जात नाहीत. पुढे पायी चाला, घोडा करा, नाहीतर नेरळहून 1907 पासून चढणाऱ्या दोन फुटी रुळांच्या गाडीने या. त्या परिसराला केंद्र सरकारने 2003 साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवलं, महाबळेश्वर-पाचगणीला त्याआधी 2001 साली. तिथेही प्रश्न आहेत, पण मोटारीशिवाय थंड हवेचं ठिकाण चालू शकतं हे माथेरानने दाखवून दिलेलं आहे. आणि त्याच माथेरानच्या हातरिक्षांबद्दल ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो पाहा. माणसाने माणसाला ओढणं बंद करा, असं न्यायालयाने सांगितलं, त्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली, आणि त्या रिक्षा ओढणाऱ्यांचं पुनर्वसन कसं करायचं तेही त्याच निकालात सांगितलं. खरोखर बंद करायलाच हवा असा तो व्यवसाय होता, तरीही त्यावर जगणाऱ्यांचा विचार आधी झाला. सायकल भाड्याने देण्यात तर बंद करण्याजोगं काहीच नाही.

काही तास रस्ता मोटारींना बंद ठेवणं हेही नवं राहिलेलं नाही. पुण्यात 11 डिसेंबरला गजबजलेला लक्ष्मी रस्ता पायी चालणाऱ्यांना मोकळा करून देतात. मुंबईत पोलिसांनी 2022 साली रविवारी सकाळी काही रस्ते लोकांना खेळायला, चालायला, सायकल चालवायला मोकळे केले होते. इतक्या मोठ्या शहरांना जे जमलं ते सव्वादोन किलोमीटरच्या तलावाच्या रस्त्याला जमेल.

माझ्या मागण्या अशा आहेत.

सायकलबंदीचा ठराव, त्याची तारीख आणि कारणं फलकावर आणि संकेतस्थळावर जाहीर करा. असा ठराव झालेलाच नसेल, तर तो तांबडी रेघ मारलेला फलक उतरवा.

भाड्याच्या सायकलींना तलावाकाठी तीस सायकलींपुरती जागा परत द्या. नऊ मोटारींच्या जागेतून तीन मोटारींची जागा काढली तरी तेवढं भागतं. परवाना त्याच कुटुंबाला, लेखी, निदान पाच वर्षांचा द्या. अटी जरूर घाला. ब्रेक, घंटी, मागचा दिवा, लहान मुलांसाठी हेल्मेट, महिन्यातून एकदा तपासणी. या अटींना ते कुटुंब तयार आहे, मी विचारलं आहे. गेलेल्या सायकलींची भरपाई काय द्यायची ते समितीपुढे त्यांना बोलावून ठरवा.

सकाळी सहा ते नऊ तलावाचा रस्ता मोटारींना बंद ठेवा. रोज शक्य नसेल तर शनिवार, रविवार आणि मे महिना. काठावर राहणाऱ्यांच्या आणि दवाखान्याच्या गाड्या सोडून. त्या वेळात बाहेरच्या गाड्यांची तिथे ये-जा नसली तर कुणाचं काही अडत नाही.

पायवाटेच्या खचलेल्या दोन जागा पावसाळ्याआधी बांधून घ्या आणि पाच-सहा बाकं ठेवा.

आणि ती रॅले सिमेंटमधून काढा. फोटोच्या जागेला दुसरं काहीही लावा.

पेट्रोलच्या गाड्या हटवा अशी मागणी मी करत नाही, हे मुद्दाम लिहिते. त्यांचं काय करायचं ते त्यांच्याशी बोलून, नोटीस देऊन, रीतीने ठरवा. जी वागणूक सायकलवाल्यांना मिळाली ती दुसऱ्या कुणालाही मिळू नये.

तुमच्या उत्तराची मी वाट बघते आहे. सभेत हा विषय ठेवणार असाल तर तारीख कळवा, मी सुटी काढून येईन. बाबाही येणार म्हणतात.

त्यांचा एक निरोप आहे, तो त्यांच्याच शब्दांत खाली देते. पत्र लिहून झाल्यावर मी त्यांना वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी हे सांगितलं :

‘साहेब, ती सायकल मोकळी केलीत तर तिचं ओव्हरऑइलिंग मी करून देईन. मजुरी नको. छर्रे, कॉटर, तारा, दोन टायर-ट्यूब मी पुण्याहून घेऊन येतो. रंग हळूहळू काढावा लागेल, घाई करून चालणार नाही, खाली मूळ काळा रंग असला तर तो राखायचा. पेट्रोलने धुऊ नका, कुणी पंपाचं पाणी मारू नका. सिमेंट फोडताना छिन्नी रिमपासून चार बोटं लांब धरायला सांगा. बॉटमला कुणी हात लावू नये. तिचे आटे वेगळे आहेत, मी आल्यावर बघतो.’

आपली नम्र,
दर मे महिन्यात येणारी एक प्रवासी
पुणे